वाक्य जिथे गाणे होते : संगीत आणि नाट्य एकत्र शिकविण्याविषयी वाचकांचे प्रश्न

शालेय प्रयोगकलेच्या अभ्यासक्रमाविषयी मागील अंकात आम्ही वाचकांकडून पत्रे मागविली होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यामधील भिंत काढून टाकावी असे म्हटले, आणि त्यानंतर काही शाळांच्या वेळापत्रकात संगीत व नाट्य यांना एका विषयाखाली जागा मिळू लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र एका विषयाखाली जागा मिळाली म्हणजे ते एकत्र शिकविले जातातच असे नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. बहुतेक पत्रे बडोद्याची आहेत. त्यांतील निवडक प्रश्न पत्रलेखकांची नावे वगळून येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत यंदापासून आठवी-नववीला प्रयोगकला हा विषय आहे. आठवड्याला दोन तासिका मिळतात. सोमवारी मी गाणे शिकविते, गुरुवारी माझे सहकारी नाटक बसवितात आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी त्या नाटकात मी शिकविलेली दोन गाणी घालतो. याला एकत्रित अध्यापन म्हणता येईल का? नसल्यास ते कसे करावे?
— संगीत शिक्षिका, मांजलपूर

उत्तर : आपण करता आहात ते मनापासून करता आहात, पण ते एकत्रित अध्यापन नव्हे. मराठी रंगभूमीलाही हे अंतर तोडायला काही दशके लागली. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत नाटक उभे केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्या पदांच्या अनुरोधाने अभिनय करीत व आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणले, तेव्हा पात्रे स्वतःच गाऊ लागली. ज्याच्या मनात भावना उठली त्याच्याच तोंडी सूर आला, आणि त्यामुळे नटाला गावे लागले व गवयाला बोलावे लागले. आपल्या शाळेत आज गाणे एका बाजूला आणि नाटक दुसऱ्या बाजूला तयार होते व शेवटी त्यांची गाठ घातली जाते. ती गाठ शेवटी न घालता पहिल्याच दिवशी घालायला हवी.

ती कुठे घालायची, याचे उत्तर माझ्या मते बोललेल्या वाक्यात आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात संवाद कसा म्हणावा हे सांगताना जी सामग्री मोजली आहे, ती अशी : सात स्वर, तीन स्थाने, चार वर्ण (उच्चारातले चढउतार), दोन काकू (अर्थाप्रमाणे बदलणारी आवाजाची ढब), सहा अलंकार आणि सहा अंगे. संवादाच्या शिक्षणाची सुरुवातच सात स्वरांनी होते, हे प्रत्येक नाट्यशिक्षकाने मुद्दाम पाहावे. उर, कंठ आणि शिर ही तीन स्थानेही तिथे व्यवहाराच्या भाषेत सांगितली आहेत : जवळच्या माणसाशी उरातून बोलावे, थोड्या अंतरावरच्याशी कंठातून आणि दूरच्याशी शिरातून. अभिनवगुप्ताच्या टीकेसह या ग्रंथाचा पहिला खंड 1926 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला, याचा आपल्या शहराने अभिमान बाळगावा आणि शाळांनी उपयोगही करून घ्यावा.

याचा तास कसा होतो ते मी रावपुऱ्याजवळच्या एका शाळेत पाहिले. आठवीच्या वर्गात गाण्याच्या बाई आणि नाटकाचे सर दोघेही हजर होते. एका मुलीला एकच वाक्य दिले होते : ‘थांब गं, मी पण येते.’ ते तिने आधी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला म्हटले, मग वर्गाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलीला आणि शेवटी खिडकीतून मैदानाकडे पाहून, फाटकापाशी पोहोचलेल्या मैत्रिणीला. तिसऱ्या वेळी ‘येते’मधला ‘ये’ आपोआप लांबला आणि वर गेला व ‘ते’ खाली उतरला. बाईंनी पेटीवर बोट ठेवले. काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरला तर ‘ये’ पंचमावर होता आणि ‘ते’ गांधारावर. मुलीला आपण गायलो हे ठाऊकच नव्हते. मग बाकीच्यांनी बाकावर केरव्याचा ठेका धरला, आणि वाक्य असे बसविले की ‘ये’ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावा. एवढे झाल्यावर सरांनी विचारले, “मैत्रीण का निघून चालली आहे?” भांडण झाले आहे असे एका मुलाने सुचविले, तसे त्या मुलीचे ‘येते’ आखूड झाले आणि पंचमावरून उतरेचना. मैत्रीण गाव सोडून चालली आहे असे दुसऱ्याने म्हटले, तेव्हा ‘थांब’वरच सूर रेंगाळू लागला. कारण बदलले की चाल बदलते, हे त्या वर्गाला कोणी सांगितले नाही. ते त्यांना ऐकू आले. तासिका संपेपर्यंत त्या वाक्यातून चार ओळींचे पद तयार झाले होते, आणि ते म्हणताना कोण कुणाला, कशासाठी म्हणते आहे याचा विचार वेगळा करावा लागत नव्हता.

व्यवस्थेच्या बाबतीत माझे सांगणे असे की, दोन सुट्या तासिकांऐवजी एक जोडतासिका मागून घ्यावी आणि त्या वेळी दोन्ही शिक्षकांनी वर्गात थांबावे. शाळेला ते महाग वाटेल, कारण एका वर्गावर दोन शिक्षक असे मुख्याध्यापकांना दिसेल. परंतु नाटकाच्या सरांना आपली पट्टी कळली नाही आणि आपल्याला त्यांचा प्रसंग कळला नाही, तर ती दोन्ही कामे मुलांच्या अंगावर पडतात. संहितेची प्रतही एकच असावी. संवादांच्या ओळीखालीच स्वरलेखन लिहावे, सम कोणत्या अक्षरावर येते तिथे खूण करावी, आणि पेटी कोणत्या शब्दाला सूर देणार तेही त्याच पानावर असावे. मुले दोन वह्या सांभाळू लागली की ती दोन विषय शिकू लागतात.

गाणे प्रसंगात मुरले आहे की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. गाणे गाळून प्रसंग वाचावा. काहीच अडले नाही, तर ते गाणे नुसते शोभेचे आहे असे समजावे. पद सुरू होताना पात्र मनाने जिथे होते, पद संपताना ते तिथून हललेले असले पाहिजे : निश्चय झाला असेल, राग ओसरला असेल, काहीतरी उमगले असेल. अभंग बसविताना, पोवाडा बसविताना, अगदी प्रार्थना बसविताना ही कसोटी लावून पाहावी.

प्रश्न : मी नाटक शिकवितो. नववीचे मुलगे नाटकात आनंदाने उभे राहतात, पण पद आले की माघार घेतात. काहींचा आवाज मध्येच फाटतो आणि मुली हसतात. त्यांना गाण्यातून वगळावे का?
— नाट्य शिक्षक, कारेलीबाग

उत्तर : वगळू नये, पण त्यांच्यावर मुलींच्या पट्टीची सक्तीही करू नये. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा कंठ फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज या वयात थोडा उतरतो, पण तो दोन-तीन स्वरांचा फरक असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. हे स्थित्यंतर चालू असताना मुलाच्या हाती खात्रीचे असे पाच-सहा स्वरच राहतात, आणि ते कोणते हे महिन्या-महिन्याला बदलते. म्हणून प्रत्येक मुलाचे सोयीचे स्वर महिन्यातून एकदा पेटीवर तपासून वहीत टिपावेत. त्याचे पद त्याच स्वरांत बांधावे. चाल बदलावी लागली तर खुशाल बदलावी. ताणून वर चढविणे, ओरडून म्हणणे आणि आवाज बसला असताना कुजबुजत तालीम करणे या तिन्ही गोष्टी या वयात गळ्याला घातक आहेत.

याखेरीज बोलणे आणि गाणे यांच्या मधली एक मोठी जागा आपल्या परंपरेत आहे, आणि या मुलांसाठी ती फार उपयोगाची आहे. साकी, दिंडी, कामदा ही वृत्ते जुन्या संगीत नाटकांत भरपूर आढळतात. दिंडीच्या चरणात नऊ आणि दहा अशा 19 मात्रा असतात, साकीत सोळा आणि बारा अशा 28. त्यांची चाल थोड्या स्वरांत मावते आणि कथनाला चिकटून राहते. कंठ फुटलेल्या मुलाला ख्यालाच्या अंगाने जाणारे पद झेपणार नाही, पण दिंडी तो ठसक्यात म्हणू शकेल. पोवाड्याचे कथनही असेच आहे. मुलींच्या हसण्याविषयी एवढेच की, कंठ फुटणे म्हणजे काय हे सर्व वर्गाला एकदा नीट समजावून सांगावे; न समजल्यामुळे आलेले हसू समजल्यावर थांबते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझी मुलगी लहानपणापासून ख्याल शिकते आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते. शाळेत आता तिला नाटकातली पदे म्हणावी लागतात. तिच्या गुरूंना हे पसंत नाही. नाटकामुळे गळा आणि रागाची शिस्त दोन्ही बिघडतील, असे ते म्हणतात. मी काय करावे?
— एक पालक, दांडिया बाजार

उत्तर : गुरूंच्या म्हणण्याचा मान राखावा, पण त्यात दोन वेगळ्या शंका आहेत हे त्यांच्याशी बोलताना सांगावे. रागाच्या शिस्तीविषयीची शंका इतिहासाने बरीचशी दूर केली आहे. गायक भास्करबुवा बखले यांचा जन्म 1869 मध्ये त्या वेळच्या बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गात होते, नंतर बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्याकडे त्यांनी ख्यालाची तालीम घेतली, आणि पुढे 1916 मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली दिल्या, त्या ख्याल-बंदिशींच्या भक्कम पायावर. गायिका हिराबाई बडोदेकरांनीही मैफल आणि रंगभूमी दोन्ही सांभाळल्या. नाटकाने त्यांच्यापैकी कुणाचा राग सैल झाला नाही.

फरक आहे तो शब्दांचा. ख्यालात शब्द थोडे असतात आणि विस्तार रागाचा होतो; नाट्यपदात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळला पाहिजे आणि आलाप-ताना त्या शब्दाला सोडून फार लांब जाता कामा नयेत. आपल्या मुलीला हे वळण लागले तर बंदिशीच्या शब्दांकडेही ती अधिक लक्षपूर्वक पाहील, आणि तो तिच्या ख्यालाचा फायदाच ठरेल.

गळ्याविषयीची शंका मात्र मी गंभीरपणे घेतो. ती गाण्यामुळे नव्हे, संवादांमुळे रास्त ठरते. रियाज करणारी मुलगी सुरात असताना श्वास सांभाळते आणि संवाद आला की घशातून ओरडते, असे तालमींत नेहमी दिसते. शाळेतील शिक्षकांना विनंती करावी की संवादांच्या सरावाआधी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वरांत ओंकाराची थोडी साधना व्हावी, दीर्घ तालमीच्या दिवशी घरचा रियाज हलका असावा, आणि मोकळ्या मैदानात माईकशिवाय तालीम घेऊ नये. एवढी काळजी शाळा घेत असल्याचे गुरूंना दिसले, तर त्यांचा विरोध बहुधा उरणार नाही. त्यांना एखाद्या तालमीला बोलवावे, हे सर्वांत चांगले.

प्रश्न : आमच्या वर्गात मराठी मुले थोडी आहेत, गुजराती आणि हिंदीभाषक अधिक. संगीत नाटकाची परंपरा त्यांना परकी वाटते. अशा वर्गात काय बसवावे?
— शिक्षिका, फतेगंज

उत्तर : बडोद्यात राहून ही अडचण खरे तर संपत्ती मानली पाहिजे. गुजराती आख्यानकवी प्रेमानंद हे सतराव्या शतकातले आणि याच शहराचे. त्यांच्या परंपरेतला माणभट्ट एकटाच बसून आख्यान सांगतो, गातो, पात्रांचे आवाज काढतो, आणि बोटांत घातलेल्या अंगठ्यांनी धातूच्या ‘माण’वर, म्हणजे रुंद पोटाच्या घड्यावर, ताल धरतो. आता मराठी कीर्तनकार आठवावा. तोही निरूपण करता करता गातो, उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या उत्तरार्धात, आख्यान लावतो, त्यातल्या राजाला आणि दासीला वेगळा आवाज व वेगळी चाल देतो. हे दोघे एकमेकांच्या शेजारी ठेवले, तर संगीत आणि नाट्य एका माणसात कसे नांदते हे तेरा वर्षांच्या मुलाला व्याख्यानाशिवाय कळेल. वर्गात स्टीलचा हंडा आणि दोन-तीन धातूच्या अंगठ्या आणाव्यात, एकच छोटी गोष्ट निम्म्या मुलांनी माणभट्टाच्या रीतीने गुजरातीत आणि उरलेल्यांनी कीर्तनाच्या रीतीने मराठीत किंवा हिंदीत सादर करावी, आणि मग गट बदलावेत. गुजराती मुलाने दिंडी म्हणताना उच्चार चुकले तर त्याला मराठी मुलाने शिकवावे, आणि उलटही व्हावे. मोठ्या गटासाठी भवाई हे गुजरातचे लोकनाट्य आहेच. भूंगळ हे लांब तुतारीसारखे वाद्य फुंकल्यावर चाचरात, म्हणजे खेळाच्या मोकळ्या जागेत, येणारा वेश (पात्र), त्याचे नाचत-गात येणे आणि लोकांशी थेट बोलणे यांत प्रवेशाचे गाणे कशासाठी असते हे फार स्वच्छ दिसते. नाट्यशास्त्राने पात्राच्या प्रवेशाच्या गीताला प्रावेशिकी ध्रुवा म्हटले आहे. ते काम भवाई आजही करते.

प्रश्न : गुण कसे द्यावेत? पन्नास संगीताचे आणि पन्नास नाट्याचे अशी विभागणी आम्ही केली आहे, पण काही मुले गातच नाहीत.
— मुख्याध्यापक, अलकापुरी

उत्तर : निम्मे-निम्मे गुण दिले की निम्मे-निम्मे शिकविले जाते. माझी सूचना अशी की शंभरांपैकी चाळीस गुण दोन्ही मिळून केलेल्या सादरीकरणाला ठेवावेत आणि ते दोन्ही शिक्षकांनी एकाच वेळी पाहून, आपसांत बोलून द्यावेत. वीस संगीताच्या आणि वीस नाट्याच्या मूलभूत कौशल्यांना असावेत, आणि उरलेले वीस तालमीच्या वहीला. त्या वहीत मुलाने आपल्या पदाची चाल का बदलली, एखादा थांबा का लांबविला, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. मुलाला कळले किती, हे तिथे दिसते.

न गाणाऱ्या मुलांना संगीतातून सुटी देऊ नये. ठेका धरणे, संवादामागे तानपुऱ्यावर सूर ठेवणे, नगारा किंवा झांज नेमक्या शब्दावर वाजविणे, आणि पात्राच्या चालण्याची लय ठरविणे हीसुद्धा संगीताचीच कामे आहेत व त्यांना गुण मिळाले पाहिजेत. गायक मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली 1886 मध्ये सुरू झालेल्या बडोद्याच्या गायनशाळेतूनच आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगकला विद्याशाखा वाढली. सुरसागर तलावाच्या काठी तिच्याच छपराखाली आज गायन, वादन, नृत्य आणि नाट्य हे सारे शिकविले जाते. नववीच्या मुलांना एकदा तिथल्या तालमी पाहायला न्यावे. एका प्रयोगामागे किती प्रकारची कामे असतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी तयार ट्रॅक वापरावा की पेटी-तबला? ट्रॅकवर मुले चुकत नाहीत.
— शिक्षक, गोत्री

उत्तर : पेटी-तबला. ट्रॅकची लय कुणासाठी थांबत नाही. मुलाला एखाद्या शब्दावर क्षणभर थांबावेसे वाटले, प्रेक्षकांतून दाद आली, समोरच्या पात्राने संवाद उशिरा म्हटला, तरी ट्रॅक पुढे निघून जातो, आणि मग मूल प्रसंग सोडून त्याच्यामागे धावते. पेटीवर बसलेले माणूस मात्र मुलाच्या तोंडाकडे पाहत असते आणि तो श्वास घेईल तिथे सूर धरून ठेवते. शाळेत तबलजी नसेल, तर नुसत्या पेटीवर आणि वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या टाळीवर पद करावे. ट्रॅक वापरायचाच असेल, तर तो पडदा उघडण्यापूर्वी किंवा नेपथ्य बदलताना वापरावा. पात्र रंगमंचावर बोलत-गात असेल तेव्हा नको.